जावा सोडली म्हणून दार उघडते का?

2025 ची भीमजयंती. यवतमाळच्या पाटीपुऱ्यातली मिरवणूक उशिरा संपली. डीजेचा दणका अजून कानात होता आणि आम्ही पाच-सहा जण अभ्यासिकेच्या ओट्यावर पाय पसरून बसलो होतो. त्यात पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सने आलेला एक तरुण होता. त्याचे नाव इथे देत नाही, तसे त्यानेच बजावले आहे. दारव्हा तालुक्यातला. बाप तीन एकर कोरडवाहूचा मालक, आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणारी. भारत सरकार शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाला आणि सहा वर्षे हिंजवडीत एका परदेशी बँकेचे काम करत होता. तो मध्येच म्हणाला, "दादा, जावा सोडून द्या लागते म्हन्तो."

आम्हाला वाटले, गाडी विकतो आहे. "काऊन बे, मायलेज नाही देत का?" सगळे हसले. तोही हसला, पण लगेच गप्प झाला.

मग त्याने समजावले. जावा ही संगणकाला काम सांगण्याची एक भाषा. तो बँकेच्या व्यवहारांची जी कामे करत होता, ती या भाषेत चालत. त्याला जायचे होते दुसरीकडे. शेअर, रोखे, वायदे, ऑप्शन यांची किंमत आणि जोखीम गणिताने मोजणारी माणसे असतात, त्यांना क्वांट म्हणतात. त्या माणसांत त्याला बसायचे होते. इंटरनेटवर वाचून त्याचे मत झाले होते की जावावाला बँकेच्या नळाची जोडणी करतो. पाणी कुणाला किती सोडायचे हे ठरवणारे लोक पायथन आणि सी प्लस प्लसमध्ये लिहितात. तेव्हा भाषा बदलायची, म्हणजे खोली बदलेल.

त्या रात्री आम्ही त्याला जे सांगितले ते चूक होते. ते कबूल करण्यासाठीच हा लेख.

पहिले उत्तर आपल्याकडचे ठरलेले: "एमपीएससीचा फॉर्म भर. खाजगीत आरक्षण नाही, उद्या हाकलून देतील." दुसरे उत्तर आमच्या वैचारिक बाण्यातून आले: "हा सट्टेबाजांचा धंदा आहे. बाबासाहेबांच्या लेकराने त्यात कशाला पडायचे?" तो काही बोलला नाही. सकाळी निघताना फक्त म्हणाला, "दादा, बाबासाहेबांचा प्रबंध कशावर होता मंग?"

आम्ही दर 14 एप्रिलला भाषणात 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे नाव घेतो. 1923 साली लंडनला प्रसिद्ध झाले, हेही सांगतो. आत काय आहे, हे आम्ही नीट वाचले नव्हते. समाजशास्त्रात एम. ए. केलेला माणूस संविधानावर दोन तास बोलू शकतो आणि चलनाच्या विनिमय दरावर दोन मिनिटेही बोलू शकत नाही, ही आमची स्थिती होती. आणि आमची एकट्याचीच होती असे वाटत नाही. चळवळीने घटनाकार घेतले, धम्मदीक्षा देणारे घेतले, अर्थतज्ज्ञ मात्र फोटोखालच्या पदव्यांच्या यादीत ठेवून दिले.

त्यानंतर वाचले. रुपयाचा भाव घसरवला की निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला लाभ होतो, पण वस्तू महागतात आणि मजुरी त्या वेगाने वाढत नाही, म्हणजे तो लाभ मजुराच्या ताटातून निघतो, अशी बाबासाहेबांची मांडणी. 1925 साली चलनविषयक शाही आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली तेव्हाही मुद्दा हाच. आमचा जिल्हा कापसाचा. याच कापसासाठी इंग्रज कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे टाकली. त्या रुळांवरून गेलेल्या गाठींचा भाव आणि वेचणाऱ्या बाईची मजुरी यांच्यामध्ये काय घडते याचा हिशेब आमच्याच माणसाने मांडून ठेवला होता आणि आम्ही त्याच्या वारसाला हिशेबाच्या जवळ जाऊ नकोस म्हणून सांगत होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषणांत फारशी येत नाही. कोलंबियाहून शिकून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणुकीचा, शेअर-रोख्यांच्या व्यवहाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक तुटले आणि तो व्यवसाय बसला. 1918 च्या अखेरीस ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तिथे पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरबूर केली. म्हणजे आमचा दारव्ह्याचा पोरगा ज्या दारावर उभा होता, त्या दारावर शंभर वर्षांपूर्वी कोण उभे होते, हे लक्षात घ्या. त्या माणसाच्या ज्ञानात काही कमी नव्हते.

भाषेचेही तसेच. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत हवी होती, मिळाली नाही, फारसी घ्यावी लागली. कोलंबियात अर्थशास्त्राच्या एकोणतीस अभ्यासक्रमांसोबत फ्रेंच आणि जर्मनचा एकेक प्राथमिक अभ्यासक्रम केला. पुढे बॉन विद्यापीठात जाण्यासाठी जर्मनमध्ये पत्रव्यवहार केला. संस्कृत नंतर स्वतः शिकले. भाषा त्यांनी कामासाठी घेतल्या आणि कामाला लावल्या. पण त्यांचा प्रबंध उभा राहिला तो चांदी-सोन्याच्या किमती आणि सरकारी हिशेबांच्या कागदांवर.

आता संगणकी भाषांबद्दल. हे आम्ही त्या पोराकडून आणि आमच्या इतर इंजिनिअर पोरांकडून शिकलो, चुकले तर सांगा. सी प्लस प्लस ही जुनी भाषा, बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी 1979 पासून बेल लॅब्जमध्ये घडवत आणलेली. तिच्यात संगणकाची स्मृती लिहिणाऱ्याने स्वतः सांभाळायची असते. कष्ट जास्त, वेग जास्त. जिथे एका सेकंदाच्या लाखाव्या भागाने सौदा हुकतो तिथे ती लागते. पायथन 1991 ची, लिहायला सोपी, चालायला हळू. पण तिच्यातली आकडेमोडीची जड कामे आतून सीमध्येच लिहिलेली असतात. तक्त्यांतले आकडे हाताळायचे तिचे पांडाज नावाचे जे साधन आज जगभर वापरतात, ते वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये एका गुंतवणूक कंपनीत काम करताना सुरू केले. बँकांच्या जोखीम विभागात सॅस नावाची अजून जुनी आणि महागडी प्रणालीही सापडते. आणि जावा? तीही या धंद्यात भरपूर चालते. जावा खालची आणि सी प्लस प्लस वरची, हे कुणी सांगितले? आम्हाला तर वाटते, भाषांनाही वर्ण लावून ठेवलेत. सी प्लस प्लस ब्राह्मण, पायथन वैश्य आणि एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणारा बिचारा गावकुसाबाहेर.

एक उदाहरण मात्र डोळे उघडणारे आहे. जेन स्ट्रीट ही अमेरिकेतली ट्रेडिंग कंपनी ओकॅमल नावाच्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत काम करते. ती भाषा येत नसली तरी ते माणसे घेतात आणि आत घेतल्यावर शिकवतात. म्हणजे त्यांच्या दारावर भाषा तपासत नाहीत. मग काय तपासतात?

हे त्याला त्या वर्षीच्या पावसाळ्यात कळले. आमचा सल्ला न ऐकता त्याने लाखाच्या वर फी भरून सी प्लस प्लसचा कोर्स लावला होता. चार महिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागला. एका कंपनीत मुलाखतीला बोलावणे आले. तिथे पहिल्या अर्ध्या तासात भाषेचा एकही प्रश्न नाही. विचारले हे: एक नाणे उडवत राहायचे, सलग दोन छापे पडेपर्यंत. सरासरी किती वेळा उडवावे लागेल?

तो म्हणाला, चार. आम्हीही चारच म्हणालो असतो. उत्तर सहा आहे.

त्याने फोनवर हे सांगितले तेव्हा आम्ही तो प्रश्न अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहून ठेवला. दोन दिवस कुणाला येईना. तिसऱ्या दिवशी अकरावीतल्या एका मुलीने सोडवला. सुरुवातीपासून लागणारी सरासरी क्ष माना, एक छापा हातात असताना पुढे लागणारी सरासरी य. पहिल्यांदा उडवले की अर्ध्या वेळा आपण य वर जातो आणि अर्ध्या वेळा, काटा पडला तर, पुन्हा क्ष वर. म्हणून क्ष = 1 + य/2 + क्ष/2. छापा हातात असताना उडवले तर अर्ध्या वेळा खेळ संपतो, अर्ध्या वेळा काटा पडून सगळे पाण्यात. म्हणून य = 1 + क्ष/2. सोडवा, क्ष सहा येतो. दोन चलांतली रेषीय समीकरणे. दहावीच्या पुस्तकात आहेत.

इथे आम्ही फार वेळ थांबलो. समीकरण दहावीचे आहे, पण अशी समीकरणे मांडायची सवय कुठली आहे? त्या पोराच्या झेडपीच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी होती, भूगोलाचे गुरुजी गणित उरकायचे. कॉलेजात मागच्या वर्षांचे पेपर पाठ करून तो पास झाला. एम. ए. ला आम्ही 'सांस्कृतिक भांडवल' या संकल्पनेवर दहा मार्कांचे उत्तर लिहिले होते, बोर्द्यूच्या नावासकट. तिचा अर्थ त्या फळ्यासमोर कळला. सलग दोन छापे हवेत आणि प्रत्येक काट्याला पुन्हा शून्यापासून, हे गणित आपल्या घरांना वेगळे शिकवावे लागत नाही म्हणा. बाप आजारी पडला, काटा. सोयाबीन पिवळी पडली, काटा.

मुलाखतीचा दुसरा भाग तर सांगण्यासारखा नाही, तरी सांगतो. समोरच्याने विचारले, "जेईईची रँक किती होती?" सहा वर्षे काम केलेल्या माणसाला अठराव्या वर्षीच्या परीक्षेचा क्रमांक! कंपनीचे नाव घेत नाही, कारण हा प्रश्न एकाच कंपनीतला नाही. आडनावावरून अंदाज येत नसेल तर जात विचारण्याची ही सभ्य पद्धत आहे. अमेरिकेत 2020 साली कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीवर जो खटला भरला, त्यातला एक आरोप असाच होता: आयआयटीत आरक्षणातून आला, हे वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले. कंपनीने आरोप नाकारले. पण तो आरोप वाचताना कोणत्या दलित इंजिनिअरला नवल वाटले असेल?

"खाजगीत गुणवत्ता चालते" म्हणणाऱ्यांसाठी आमच्याच विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. सारख्याच पात्रतेचे अर्ज, फक्त आडनावे वेगळी, खाजगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश भरली. त्या अर्जांवर कोणती भाषा वाढवली असती म्हणजे तो फरक भरून निघाला असता?

तरीही भाषा शिकू नका असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः वऱ्हाडी बोलत शाळेत गेलो. 'मले' म्हटले की वर्ग हसायचा, म्हणून 'मला' शिकलो. मग एम. ए. ला इंग्रजी पुस्तके आली, शब्दकोश मांडीवर घेऊन तीही वाचली. प्रत्येक वेळी वाटले की आता हसणे थांबेल. थांबले नाही, फक्त हसण्याचे कारण बदलले. पण त्या इंग्रजीनेच आम्हाला 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' वाचता आले. पहिली संगणकी भाषा शिकायला वर्ष लागते, दुसरी दोन-चार महिन्यांत येते, हे तो पोरगाच सांगतो. मग सगळी शक्ती चौथ्या-पाचव्या भाषेत का घालायची? कोर्स विकणाऱ्याला भाषा विकणे सोपे जाते, कारण तिचे प्रमाणपत्र देता येते. संभाव्यता, संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित हे हळूहळू अंगात मुरते; त्याची जाहिरात होत नाही.

आता दुसऱ्या उत्तराकडे येतो. सट्टेबाजांचा धंदा, असे आम्ही म्हणालो होतो. ते साफ खोटेही नव्हते. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये अहवाल काढला. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. त्याच काळातल्या शेवटच्या वर्षी स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनी खर्च वजा जाण्यापूर्वी सुमारे 33 हजार कोटी कमावले, विदेशी गुंतवणूकदारांनी 28 हजार कोटी, आणि या नफ्यातला 96-97 टक्के भाग संगणकी अल्गोरिदमने मिळवलेला. वर जिचे नाव घेतले त्या जेन स्ट्रीटवर जुलै 2025 मध्ये सेबीने बँक निफ्टीत हेराफेरीचा ठपका ठेवून 4,843 कोटी रुपये रोखण्याचा अंतरिम आदेश काढला. कंपनीने आरोप नाकारले आणि अपिलात गेली.

हे आकडे मुंबईचे वाटतील. आमच्या वस्तीतला एक पोरगा खताचे पैसे मोबाइलवर बँक निफ्टीत घालून बसला. टेलिग्रामवरचा कुणी गुरू त्याला टिपा द्यायचा. तीन गुरुवारी पैसे गेले, चौथ्या गुरुवारी आईची पोत गेली. समोरच्या बाजूला कोण आहे हे त्याला माहीत नव्हते. तिथे दारव्ह्याच्या पोराला बसायची इच्छा होती ते यंत्र होते.

हा पेच आम्ही अभ्यासिकेच्या बैठकीत मांडला आणि वाद झाला. एक जण म्हणाला, "आपला माणूस त्या बाजूला गेला म्हणून यंत्र दयाळू होत नाही." खरे आहे. दुसरा म्हणाला, "आपला कोणीच त्या बाजूला नसेल तर यंत्र काय करते हे तुम्हाला सेबीचा अहवाल निघेपर्यंत कळणार नाही." हेही खरे. आमचे मत दुसऱ्याकडे झुकते. सेबीने डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले. त्यात शेतकऱ्याचे भले झाले की वाईट, यावर आमच्या जिल्ह्यात राजकीय भाषणे ढीगभर झाली असतील, हिशेब करून सांगणारा आम्हाला तरी भेटला नाही. कापसाचा भाव बाजार समितीत बोलला जातो, पण त्यावर न्यूयॉर्कच्या वायद्याची सावली असते. ती मोजणारे आपले कोण? क्वांटचे गणित फक्त ट्रेडिंग कंपनीत वापरता येते असे नाही. पीक विम्याचा हप्ता आणि भरपाई यांचा मेळ बसतो का, हाही त्याच जातीचा प्रश्न आहे. जातीचा म्हणजे प्रकारचा, गैरसमज नको.

तो पोरगा त्या कंपनीत निवडला गेला नाही. त्यानंतर कोर्स सोडून सहा महिने संभाव्यता आणि संख्याशास्त्र केले, पुण्याच्या खोलीत, कंपनीचे काम सांभाळून. आम्हाला रात्री फोटो पाठवायचा, वहीच्या पानांचे. आम्हाला त्यातले ओ की ठो कळायचे नाही, पण "जयभीम, चालू ठेव" असे उत्तर देत राहिलो. यंदाच्या जानेवारीत त्याला मुंबईत एका बँकेच्या जोखीम विभागात जागा मिळाली. बँकेने कर्जाच्या जोखमीसाठी केलेली गणिती मॉडेल बरोबर आहेत की नाही, हे तपासण्याचे काम. तिथे पायथन लागते आणि जुनी सॅस. चार महिने जागून शिकलेली सी प्लस प्लस अजून एकदाही उघडावी लागलेली नाही. पगार थोडाच वाढला. पण आता तो ज्या खोलीत बसतो, तिथे "हा आकडा चूक आहे" असे म्हणण्याचे त्याचे काम आहे.

अभ्यासिकेत रविवारी सकाळी दोन तास गणित सुरू केले आहे. स्पर्धा परीक्षेचे नाही, नुसते गणित. तो मुंबईहून मोबाइलवर शिकवतो, नेट गेले की ती अकरावीची, आता बारावीत गेलेली, मुलगी फळा घेते. पहिल्या रविवारी चौदा जण होते, चौथ्या रविवारी सात. खताचे पैसे घालवलेला तो पोरगा त्या सातांत आहे. त्याला ऑप्शनची किंमत कशी काढतात हे शिकायचे आहे. आम्ही म्हटले, आधी समीकरणे.

परवा रात्री मुंबईहून फोन आला. एका ट्रेडिंग कंपनीने पुन्हा बोलावले आहे, पगार आजच्या अडीचपट, आणि तिथे सी प्लस प्लस लागते. "दादा, जाऊ का?" आम्ही आठ दिवस मागितले. बैठक या रविवारी आहे, गणिताच्या तासानंतर, अकरा वाजता. ज्यांना यायचे त्यांनी यावे.